झाकणाआतलं काम

घड्याळाला दोन बाजू असतात. पुढची बाजू मालकाची. तबकडी, काटे, काच, सगळं दिसणारं. मागची बाजू झाकणाची. ते झाकण मालक जन्मात कधी उघडत नाही. उघडतो तो घड्याळजी, तेही चार-पाच वर्षांतून एकदा, खाली मान घालून, डोळ्याला भिंग लावून. तो आत काय करतो आणि काय करत नाही, हे आपल्याला कळत नाही. काटे फिरतात का एवढंच आपण बघतो. फिरले की पैसे देतो आणि एस.टी. धरतो.

माझा प्रश्न या झाकणाचा आहे. जे काम कुणी बघणार नाही, नीट केलं काय अन् उरकलं काय, मजुरी तेवढीच मिळणार, ते माणसानं नीट का करावं? मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. मोठमोठे ग्रंथ वाचून याचं उत्तर द्यायची माझी ऐपत नाही. पण या प्रश्नानं आमच्या घराला एकदा चांगलाच चटका दिलाय. तेवढ्या हक्कानं बोलतो.

आमचं गाव मंगळवेढ्याकडं. काळं रान, माती खोल, पावसाचा भरवसा नाही. शाळू जमिनीतल्या ओलीवर येतो, पण गहू करायचा तर विहीर पाहिजे. आमची विहीर चौघा भावकीची सामाईक. मोटर एक, हिस्सेदार चार. म्हणून पाण्याच्या पाळ्या. ज्याची पाळी त्यानं तेवढे तास पाणी घ्यायचं, वेळ संपली की दारं दुसऱ्याकडं मोडायचं. यात मिनिटाचा हिशेब असतो. शहरातल्या वाचकाला वाटेल, पाच-दहा मिनिटांनी काय होतंय? दहा मिनिटांत गव्हाचा एक वाफा भिजतो. शेवटचा वाफा कोरडा राहिला की तो उन्हाळ्यापर्यंत रोज डोळ्यांसमोर दिसतो, आणि तो कुणामुळं राहिला हेही रोज आठवतं. भावकीतली निम्मी भांडणं बांधावरनं होतात आणि उरलेली निम्मी पाळीवरनं.

म्हणून विहिरीवर घड्याळ लागायचं, आणि चौघांत घड्याळ एकच, आमच्या वडिलांचं. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. १९७२ च्या दुष्काळात आण्णा पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. दुष्काळ सरल्यावर साठलेल्या पैशातनं त्यांनी आधी एक गाय घेतली आणि मग हे घड्याळ. एचएमटी जनता. पांढरी तबकडी, हातानं चावी द्यायची, आत सतरा माणकं.

या कंपनीबद्दल नव्या पिढीला थोडं सांगायला पाहिजे. एचएमटी हा सरकारी कारखाना. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं तिथं मनगटी घड्याळं तयार व्हायला लागली. त्याआधी घड्याळ म्हणजे परदेशी माल, साहेबाच्या नाहीतर सावकाराच्या हातावर. एचएमटी आली आणि मास्तर, तलाठी, कंडक्टर, कारखान्यातला कामगार अशा माणसांच्या मनगटावर घड्याळ आलं. लग्नात जावई घड्याळासाठी रुसून बसायचे. पुढं सेलची घड्याळं आली, मग मोबाइल आले, आणि २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायला मंजुरी दिली. पण चावी देऊन चालणाऱ्या एचएमटी अजून घराघरांतल्या ट्रंकेत आहेत.

आण्णा ते घड्याळ पाळीच्या वेळी हातात ठेवत नसत. मोटरीच्या खोपीत एक खुंटी होती, तिला ते टांगायचं. कारण विचारलं तर म्हणायचे, "हातात ठिवलं तर घड्याळ माझं हुतंय. खुंटीवर असलं म्हंजे चौघांचं." ज्याला बघायचं त्यानं यावं, बघावं. एवढ्या एका नियमावर आमच्या विहिरीचा कारभार बरीच वर्षं विनातक्रार चालला होता.

मी दहावी होऊन शेतात उतरलो त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पौषातली रात्र, अंग काकडत होतं. आमची पाळी दहा ते एक, त्यानंतर तात्यांची. तात्या म्हणजे आण्णांचे चुलतभाऊ, माझे चुलते. ते आपल्या रानातल्या खोपटात निजले होते. मी दारं धरत होतो. आण्णा मधनंच खोपीत जाऊन कंदिलाच्या उजेडात घड्याळ बघून आले, म्हणाले, "पावणेएक व्हाय लागल्यात." थोड्या वेळानं परत गेले. काटे तिथंच. घड्याळ कानाला लावलं तर मुकं. त्यांनी बाहेर येऊन वर बघितलं. तिकांडं मावळतीकडं चांगलंच कललं होतं. एक कधीच वाजून गेला होता.

आण्णा तात्यांना उठवायला निघाले, तर तात्याच बॅटरी घेऊन येताना दिसले. त्यांनीही तिकांडं बघितलं होतं. आण्णा म्हणाले, "घड्याळ थांबलंय रं." तात्या खोपीत गेले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "थांबलं का थांबिवलं, दादा?"

आण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांनी दारं तात्यांच्या पाटाला मोडून दिलं आणि घड्याळ मनगटावर बांधलं. आणि इथं खरा घोटाळा झाला. अर्ध्या-पाऊण तासात, हातावर असताना, ते घड्याळ आपोआप चालू झालं. सकाळी विहिरीवर चौघे जमले तेव्हा ते टिकटिक करत होतं. बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीशिवाय चालू होतं, आणि तेही मालकाच्या हातावर गेल्यावर, याचा अर्थ कुणीही काय काढेल? तात्या परत काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन-तीन दिवस आण्णा नीट जेवले नाहीत. दुष्काळी कामावर शेकडो माणसांची हजेरी त्यांनी मांडली होती, एका बाईचा आठ आण्याचा हिशेब चुकू दिला नव्हता. त्या माणसावर वाफाभर पाण्याची चोरी आली. चौथ्या दिवशी ते तात्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "चल मंगळवेढ्याला. घड्याळ तुझ्याम्होरं उघडू."

तालुक्याला एक म्हातारे घड्याळजी होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. भिंतीला टेकून एक कपाट, पुढं काचेची पेटी, पेटीमागं चाचा, एवढंच दुकान. आम्ही तिघं जाऊन उभे राहिलो. आण्णांनी झाली गोष्ट सांगितली, चोरीचा शब्द तेवढा गाळून. चाचांनी तात्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं. गाळलेला शब्द त्यांना तिथं सापडला असावा.

त्यांनी लगेच घड्याळ उघडलं नाही. आधी कानाला लावलं. मग तबकडी वर करून ऐकलं, खाली करून ऐकलं, आडवं धरून ऐकलं. चावीचं बटण दोन बोटांत धरून हळू फिरवलं, ओढून काटे पुढं-मागं करून बघितले. बैल विकत घेताना आपण आधी त्याला चालवून बघतो, मग तोंड उघडून दात बघतो, तसं. मग झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"आधी कुणाकडं दिलं हुतं का?"

आण्णा म्हणाले, "व्हय. पावसाळ्याआधी बाजारात एकाकडं ओव्हरऑइल केलं."

चाचा हसले. आमच्याकडं सायकल असो, इंजिन असो, घड्याळ असो, सगळं खोलून साफ करायच्या कामाला ओव्हरऑइल म्हणतात. मूळ शब्द वेगळा आहे हे मला फार पुढं कळलं. चाचा म्हणाले, "त्यानं शब्दाप्रमाणं काम केलंया. खोललं न्हाई, धुतलं न्हाई. वरनं नुसतं तेल वतलंय." मग त्यांनी भिंग काढून तात्यांच्या हातात दिलं. "बघा तुम्हीच."

तात्यांनी बघितलं. मग मी बघितलं. चाकांच्या खाली काळपट, चिकट लगदा झाला होता, बैलगाडीच्या आसाला जुनं वंगण धरतं तसा. चाचांनी तो एका काडीच्या टोकावर घेतला, बोटानं चोळला, वास घेतला. "हे शिलाई मशीनचं तेल. घड्याळाचं न्हवं. हे पसरतंया, धूळ धरतंया, मग घट्ट हुतंया. थंडीत खोबऱ्याचं तेल बाटलीत गोठतं का न्हाई? तसंच. रात्री गार खोपीत टांगलं, तेल आवळलं, चाक अडकलं. हातावर बांधलं, अंगाची ऊब लागली, तेल सुटलं, चाक फिरलं. दिवसा कधी थांबलं न्हाई ना? हातावर असताना?"

नव्हतं थांबलं. तात्या भिंग हातात धरून तसेच उभे होते.

चाचांनी घड्याळ आठ दिवस ठेवून घेतलं. मला त्या वेळी तालुक्याला खताच्या कामासाठी दोन-तीनदा जावं लागलं, आणि मी दर वेळी त्यांच्या पेटीपुढं जाऊन बसलो. पुढंही बसत राहिलो. घड्याळ खोलणं म्हणजे काय ते तिथं बघितलं.

सुरुवातीला चावीचा जोर काढून टाकायचा. आत डबीत गुंडाळलेली पोलादी कमान असते, तीच घड्याळाची ताकद. ती ताणलेली असताना आतलं काही सोडवलं तर चाकं सैरावैरा फिरतात आणि दात मोडतात. म्हणून जी अटक कमानीला उलटं सुटू देत नाही ती हळूच बाजूला धरून कमान बोटाच्या ताब्यात सैल करायची. मग काटे, तबकडी, झोका घेणारं चाक, एकेक चाक, एकेक स्क्रू. पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडायचं, ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं. सगळं पेट्रोलमध्ये धुवायचं. चाकांच्या आसांची टोकं केसाएवढी बारीक, ती ज्या माणकांच्या भोकांत फिरतात ती भोकं त्याहून किंचितच मोठी. ही माणकं दागिन्यातली नव्हेत, कारखान्यात बनवलेली, पण कठीण तेवढीच. बांबूच्या काडीला सुईसारखं टोक काढून चाचा प्रत्येक भोक साफ करायचे. काडी घालायची, फिरवायची, काढायची, टोक बघायचं. काळं आलं तर टोक तासायचं आणि परत घालायची. काडी पांढरी बाहेर येईपर्यंत. एका भोकाला कधी पाच वेळा, कधी सात वेळा. त्यातलं एखादं सोडून दिलं असतं तर जगात कुणाला कळणार होतं?

नंतर तेल. मला वाटायचं, यंत्र म्हटलं की वंगण भरपूर. चाचा सुईच्या टोकावर येईल एवढाच थेंब घ्यायचे, माणकाच्या वाटीत ठेवायचे, आणि वाटीही पूर्ण भरू द्यायचे नाहीत. चाकांच्या दातांना तेल लावायचंच नाही. केसासारखी जी स्प्रिंग झोक्याच्या चाकाला धरून असते तिला तर तेलाचा वाससुद्धा नको. तिचे वेढे एकमेकांना चिकटले तर घड्याळ वेड्यासारखं पुढं पळतं. "तेल कमी पडलं तर झिजतंया, जास्त झालं तर पसरून जिथं नको तिथं जातंया," असं चाचा म्हणायचे. ऊसवाल्याला पाणी लावताना हे कुणी सांगितलं असतं तर आज आमच्या नदीकाठच्या निम्म्या जमिनी खारफुटीनं पांढऱ्या पडल्या नसत्या.

जोडून झाल्यावर घड्याळ चालायला लागतं, पण काम संपत नाही. हे घड्याळ सेकंदाला ५ ठोके देतं. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. दिवसात अर्धा मिनिट मागं पडलं तर त्याचा अर्थ त्यानं १५० ठोके कमी दिले. ४,३२,००० मध्ये १५० म्हणजे पोतंभर ज्वारीत चिमूटभर. तेवढ्यासाठी चाचा एक बारीक दांडी केसभर सरकवायचे आणि चोवीस तास थांबायचे. परत सरकवायचे, परत चोवीस तास. एक दिवस तबकडी वर, एक दिवस खाली, एक दिवस उभं. आठ दिवस यात जायचे. बाजारातल्यानं तासाभरात दिलं होतं. दोघांच्या मजुरीत फरक होता, पण आठ दिवस आणि एक तास एवढा नव्हता.

झाकण लावायच्या आधी चाचांनी एक गोष्ट केली, ती माझ्या मनात रुतून बसली. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी पोलादी सुईनं महिना आणि साल कोरलं, आणि शेजारी एक लहान खूण, चांदणीसारखी. भिंगाशिवाय दिसणार नाही एवढी. घड्याळजी लोकांची ही जुनी रीत. म्हणजे पुढं कुणी उघडलं तर त्याला कळावं, शेवटचं काम कधी झालं आणि कुणी केलं. बाजारातल्या माणसानं झाकण उघडलं होतं, पण खूण ठेवली नव्हती. साहजिक आहे.

मी पोरगा होतो, विचारून टाकलं, "चाचा, एवढं कोण बघणार हाय?"

ते म्हणाले, "मलाच परत उघडायचं हाय की."

"अन् तुम्ही नसला तर?"

"मग दुसरा कुणीतरी उघडंल. त्याला शिव्या द्यायला जागा कशापायी ठिवायची?"

एवढंच. ना देवाचं नाव घेतलं, ना धर्माचं. ते दिवसातनं पाच वेळा पेटीला कुलूप लावून जाणारे माणूस. पण कामाचं कारण कामातच सांगितलं.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. न दिसणारं काम नीट का करावं, याची लोक दोन-तीन ठरलेली उत्तरं देतात. एक म्हणतात, खोटं काम कधीतरी उघडं पडतंच. दुसरे म्हणतात, चांगल्या कामानं नाव होतं. तिसरे म्हणतात, वर देव बघतो.

पहिलं उत्तर अर्धं खरं आहे. खोटं काम उघडं पडतं, पण ज्यानं केलं त्याच्या नावावर पडत नाही. घड्याळ आमच्या खोपीत बंद पडलं आणि चोर आमचे आण्णा ठरले. बाजारातल्या कारागिराला या गोष्टीचा पत्ताही नव्हता. त्याची पाल पुढंही दर बाजाराला लागत होती, गिऱ्हाईक होतं, त्याचं काही वाईट झालं असं मी ऐकलं नाही. आमच्या मंगळवेढ्याची एक आठवण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावकुसाचं काम चाललेलं असताना कुसू कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. कोसळणारी भिंत बांधायचा हुकूम देणाऱ्यावर पडत नाही, खाली राबणाऱ्यावर पडते.

दुसरं उत्तर त्याहून कच्चं. चांगल्या कामाचं नाव होतं म्हणतात, पण झाकणाआतलं चांगलं काम दिसतच नाही. घड्याळ नीट चालत असलं तर ते नीट का चालतंय असं कुणी विचारतं का? बंद पडल्यावर आठवण होते. चाचांनी सातव्यांदा काडी घातली म्हणून घड्याळ पुढची पाच वर्षं चाललं, हे सांगायला कुणीच नसतं. आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही धड नसतो. आपल्याला घड्याळ आजच्या आज पाहिजे, स्वस्तात पाहिजे. जो आठ दिवस मागतो त्याच्यावर आपलाच संशय, की भाग बदलून घेईल. घाईची मजुरी आपणच ठरवतो आणि मग घाईच्या कामाला नावं ठेवतो. अलीकडं जुन्या एचएमटीची हौस परत आलीय. माझ्या पुतण्यानं पुण्यात एक विकत घेतली. तबकडी निळीशार, नवीकोरी रंगवलेली, काच चकचकीत. मी झाकण उघडून घेतलं तर आत गंज, आणि एक स्क्रू जागेवर नव्हता. ज्यानं विकली त्याला ठाऊक होतं की घेणारा तबकडीच बघणार.

तिसऱ्या उत्तराबद्दल मी बोलत नाही. ज्याचा विश्वास आहे त्याला ते पुरतं. पण मी टाळकरी मंडळीतही खोटं माप बघितलंय आणि देव न मानणाऱ्यात खरं मापही बघितलंय.

मग माझं उत्तर काय? मला वाटतं, आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. "हे कोण बघणार आहे?" असं आपण विचारतो, आणि कुणी बघणार नाही असं दिसलं की हात सैल सोडतो. विचारायचं ते असं: "हे कुणाच्या माथी येणार आहे?" बघणारा नसेल, पण सोसणारा कुणीतरी असतोच. तो आपल्या ओळखीचा नसतो, त्याला आपलं नाव माहीत नसतं, तो आपल्याला शिवीसुद्धा देऊ शकत नाही. पौषातल्या रात्री कुठल्यातरी खोपीत त्याला भावाच्या तोंडून एक वाक्य ऐकावं लागतं, आणि त्याच्याकडं उत्तर नसतं. चाचा म्हणाले ते पुढं उघडणाऱ्या कारागिराबद्दल होतं. मी त्यात एवढंच घालतो की मधल्या काळात ते घड्याळ कुणीतरी वापरणार असतं.

हे घड्याळापुरतं नाही. आपण सगळेच दुसऱ्यांच्या बंद झाकणांवर जगतो. बियाण्याची पिशवी शिवलेली येते, आत काय आहे ते उगवल्यावर कळतं, आणि उगवलं नाही तर शेजारी म्हणतो, ह्याला पेरणी येत न्हाई. औषधाची बाटली, दुधाची किटली, घराचा पाया, पोराच्या शाळेतला वर्ग, सगळीकडं एक झाकण आहे आणि त्यामागं कुणीतरी एकटा माणूस आहे. आणि शेतकरी म्हणून मी फक्त गिऱ्हाईक नाही, मीही झाकणाआतला माणूस आहे. आमच्या भागात डाळिंब झालं, द्राक्ष झालं. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही, ते औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं. पण बाजार चढला की ते दिवस मोजायला सवड कुणाला? आमच्यातलेच काही जण घरच्यासाठी दोन झाडं वेगळी राखतात, तिकडं पंप फिरवत नाहीत. म्हणजे त्यांना सगळं कळतंय. खाणारा आपला असला की झाकण आपोआप उघडं राहतं. परका असला की लागतं. लहान पोराला ते फळ कुठल्यातरी शहरात कुणीतरी सोलून देणार असतं, आणि पोराचं पोट दुखलं तर ती बाई स्वतःलाच दोष देणार असते, की मीच नीट धुतलं नाही.

तात्यांचं सांगायचं राहिलं. त्यांनी आण्णांची माफी मागितली नाही. आमच्या भावकीत तशी रीत नाही. पण घड्याळ आणायला आण्णा निघाले तेव्हा तात्या पुन्हा बरोबर आले, आणि चाचांनी मजुरी सांगितल्यावर निम्मे पैसे त्यांनी पेटीवर ठेवले. आण्णा म्हणाले, "तुझं कशाला?" तात्या म्हणाले, "चौघांचं हाय न्हवं ते." पुढची पाळी आली तेव्हा घड्याळ परत त्याच खुंटीला होतं. थंडीत मात्र आई त्याला गोधडीच्या तुकड्याची पिशवी शिवून द्यायला लागली.

आण्णा गेले, तात्या गेले, चाचाही गेले. विहिरीत आता चौघांच्या चार मोटरी आहेत आणि पाणी एकाला पुरेल एवढंही नाही. घड्याळ माझ्याकडं आहे. मागच्या वर्षी सोलापुरात एका तरुण घड्याळजीकडं नेलं. त्यानं झाकण उघडून आधी झाकणाचीच आतली बाजू भिंगाखाली धरली. तिथं आता सात तारखा आहेत, त्यातल्या पाचांशेजारी चांदणी. मग आतलं बघितलं. म्हणाला, "काका, हे चांदणीवालं कोण हुतं? माणूस कामाचा हुता. पन्नास वर्षांचं घड्याळ हाय, पण आसांची टोकं बघा, झीज न्हाई." चाचांना त्यानं कधी बघितलं नव्हतं. मला तेवढं ऐकून बरं वाटलं. पण चाचांनी ते यासाठी केलं नव्हतं, हेही मला ठाऊक आहे. हा पोरगा भेटला नसता तरी टोकं तशीच राहिली असती.

डाळिंबाची तोड होते तेव्हा मी प्रत्येक क्रेटमध्ये एक चिठ्ठी टाकतो. शेवटची फवारणी कुठल्या तारखेची, तोड कुठल्या तारखेची. मुलगा हसतो. म्हणतो, "आण्णा, व्यापारी ती चिठ्ठी वाचत न्हाई, क्रेट उलटा करतो अन् चिठ्ठी पायाखाली जाती." मला ते माहीत आहे. चिठ्ठी लिहायची असली की तारीख खरी ठेवावी लागते, म्हणून लिहितो.